चालंल का

नववी ब च्या चौतीस वह्या
घरी आणल्यात तपासायला.
तेहतीस वह्यांत पहाट झालीय, एकसारखी.
पूर्वेला केशरी सडा, पाखरांचा किलबिलाट,
आणि खळखळ वाहणारा ओढा.
उमदीत!
जिथं ओढ्यात वर्षाचे दहा महिने
पोरं क्रिकेट खेळतात.

गाईड एकच आहे. जतच्या स्टँडसमोरून आणलेलं,
वर्गभर फिरून फिरून
पाठीचा पुठ्ठा गळालेलं.
मी रागवत नाही.
माझा रजेचा अर्जही
दोन हजार अकरापासून तोच आहे,
नुसती तारीख बदलते.
आणि आजार.

चौतिसावी वही अमसिद्धची.
तिच्यात पहाट नाही, भोक आहे.
एक ओळ लिहून खोडलेली,
परत लिहून परत खोडलेली,
कागद पातळ होत होत फाटला
आणि त्यातून दिसतंय
पुढच्या पानावरचं गणित.
(ते बरोबर आहे.)

वर्गात त्याचं एकच वाक्य:
'बाई, हे चालंल का?'
शीर्षक लिहून विचारतो. समास आखून विचारतो.
पहिल्या शब्दानंतर उठून येतो
वही छातीशी धरून,
'बाई, असं चालंल का?'
मी म्हणते, चालेल.
तो जागेवर जातो
आणि खोडतो.

रविवारी डाळिंबं आणायला शेडवर गेले
तर हा तिथं.
पालथ्या क्रेटवर बसलेला,
खोक्यांवर काळ्या मार्करनं
व्यापाऱ्याचं नाव, वजन, नंबर
एका दमात लिहीत होता.
रेघ आखलेली नाही,
आणि मार्करला खोडरबर नसतो.
खोकी पुढं सरकत होती
तसा हातही सरकत होता.

'नाजूक माल' लिहून लिहून कंटाळला असेल.
एका खोक्यावर लिहिलं,
'हळू. आत दाणे झोपलेत.'
पुढच्यावर,
'आदळलं तर सांडेल, मग ओरडायचं नाही.'
त्याच्या पुढच्यावर,
'दिल्ली लांब आहे. माझ्यावर बसू नका.'
ट्रकवर उभा तमन्ना
मोठ्यानं वाचून हसला,
आणि ते खोकं त्यानं
खरंच हळू ठेवलं.

मी दिसले तसा
मार्कर खिशात गेला.
'बाई, ते... असंच.'

रात्री झोप येईना.
जूनमधल्या वह्यांचा गठ्ठा सोडला.
शिवलीलानं लिहिलं होतं,
'अव्वा भाकरी थापताना बांगड्या कोपरापर्यंत सारते.'
मी 'अव्वा'वर लाल काट मारून
वर 'आई' लिहिलं होतं.
नीट, वळणदार.
त्यानंतर शिवलीलाच्या वहीत
कुणी बांगड्या सारल्या नाहीत.
ऑगस्टपासून तिच्याकडंही केशरी सडा,
दहापैकी आठ गुण.
ते मीच दिलेले.

मग त्या जुन्या ओळीखाली लिहिलं:
'अव्वा बरोबर आहे. माझं चुकलं.'
लिहून झालं आणि पोटात गोळा आला.
मुख्याध्यापक बघतील. तिचे वडील बघतील.
बाईंनी असं लिहिलेलं
चालंल का?

खोडरबर शोधला.
लाल शाईवर तो चालत नाही.

अमसिद्धच्या वहीत
भोकाच्या कडेकडेनं, बारीक अक्षरात,
गोल फिरवत लिहिलं:
'हळूच विचारते, आत कोण झोपलंय?'
गुणांची जागा कोरी सोडली.

उत्तर अजून आलेलं नाही.
आज चौथ्या तासाला
वही घेऊन तो टेबलापर्यंत आला,
उभा राहिला,
खिडकीतून बाहेर बघितलं थोडा वेळ,
आणि काही न विचारता
परत जाऊन बसला.