वीस रुपयांची झोप

टॉकीजची जमीन खोटं बोलत नाही.
शेवटचा खेळ सुटला की झाडू घेऊन मी आत जातो
आणि पिक्चर कसा होता ते मला कळतं.
बाई असून 'जातो' म्हणतो मी,
वडगावात आम्ही सगळ्याच असं बोलतो;
पुण्याची जाऊ अजून हसते. हसू दे की.

शेंगांची टरफलं खुर्च्यांखाली ओळीनं पसरली
तर माणसं नुसती वेळ काढत बसली होती.
पुडी अर्धी भरलेली, पण चुरगळलेली सापडली
तर पैसे वसूल.
एकदा भुताच्या पिक्चरला
डी ओळीतलं रेक्झिन नखांनी उकरून ठेवलेलं,
आतला काथ्या बाहेर.
मालक ओरडला. मी म्हटलं, अवो, हा चालणार.
चालला, सात आठवडे.

म्हणून मागावरच्या बायका मलाच विचारतात,
खटखटाटात ओरडून विचारावं लागतं:
ओमाणाक्का, ह्या शुक्करवारी जावं का गं?
तिकीट एकशेवीस. पोरांना धरून चौघं.
वर रिक्षा, वर धाकट्याचं पॉपकॉर्न,
म्हणजे तीन साड्यांची मजुरी
तीन तासांत अंधारात घालायची.
विचारणारच की.

मारामारीचा आहे त्याला जाऊ नका, म्हणतो मी.
हिरो चौदा माणसं मारतो,
टरफलं पण चौदा पोती.
मराठी आलाय, सकाळी साडेनऊचा एकच खेळ,
भित्तीपत्रक पानपट्टीच्या मागच्या बाजूला.
आपला आहे म्हणून तिकीट काढू नका.
सख्खा भाऊ असला तरी
उसने देताना आपण विचार करतोच.

आणि तो तिसरा, कन्नड.
नटी अनोळखी, नट अनोळखी,
खेळाला अकरा माणसं.
तीन दिवस जमीन लख्ख.
आता ती अकरा माणसं गुंतली होती,
की शेंगा घेतल्याच नव्हत्या त्यांनी?
जमीन पहिल्यांदाच गप्प बसली.

सोमवारी खिडकीत पैसे सरकवले.
शट्टुप्पा म्हणाला, अक्का, तुला कशाला तिकीट?
तशीच जा की आत.
म्हटलं, फुकट बघितलेल्याचा भाव सांगता येत नाही. फाड.

एफ बारा.
एकोणीस वर्षं त्या खुर्चीखाली वाकलो,
वर बसलो ते पहिल्यांदा.
एक स्प्रिंग टोचते, मालकाला सांगायला पाहिजे.
माझं कन्नड बाजारापुरतं,
यष्टु विचारायचं आणि साकु म्हणायचं.
कोर्टातलं भांडण लांबत गेलं
आणि कधी डोळा लागला कळलं नाही.

डोळे उघडले तर
पोरगा दारात उभा, दाढी वाढलेली,
मधली किती वर्षं गेली ती माझ्या झोपेत गेली.
आई चुलीपुढं. मागं वळलीच नाही.
पाठमोरीच म्हणाली, ऊटा आयता?
जेवलास का, बस एवढंच.
कुठं होतास नाही, का गेलास नाही.
माझ्या हातात शेंग होती,
फोडलेली, दाणा आत तसाच.
दिवे लागल्यावर बघितलं तर अजून हातातच.

मंगळवारी रेणव्वा मागाच्या पलीकडून ओरडली,
मग? जावं का गं?
शंभराचा आहे, मी ओरडलो,
वरचे वीस झोपेचे लागले!
तेवढी गाढ झोप तरी
घरी कुठं मिळते आपल्याला?

रेणव्वानं माग बंद केला.
काय म्हणालीस, म्हणाली,
परत सांग.