कोरडवाहू

सव्वीस वर्षं धर्मकाट्यावर बसते मी,
जालन्याच्या एमआयडीसीत, भट्ट्यांच्या रांगेला लागून.
ट्रक चढतो, पत्रा करकरतो,
आकडा थरथरून थांबतो.
भरलेलं वजन. मग रिकामं.
मधला फरक तेवढा माल.

पीएफमधले चाळीस हजार काढले तेव्हा
तौफिक तांबोळी म्हणाला, "कुशावर्ताकाकू, जहाजं?
बँक घ्या, सिमेंट घ्या.
कुंडलिकेत घोटाभर पाणी नाही
अन् तुम्ही जहाजं घ्यायलाव?"

मी विचारलं, कंपनी नेते काय?
त्यानं मोबाईलवर बघून सांगितलं :
कोळसा, लोखंडाची माती, गहू, खत.
पोती नाहीत, डबे नाहीत,
नुसतं ओतायचं, नुसतं उपसायचं.
कोरडा सुटा माल वाहणारी जहाजं.
कोरडवाहू म्हण की मग, मी म्हटलं.
त्यातलं आम्हाला कळतं.

एकशे अठ्ठ्याऐंशी शेअर, दोनशे बाराच्या भावानं.
वर उरले एकशे चव्वेचाळीस रुपये,
त्यात त्याची दलाली आणि दोन चहा.

जहाजालाही रोजंदारी असते, हे नव्हतं माहीत.
मोंढ्यातल्या हमालासारखं उभं राहतं ते,
कुणी नेलं तर हजेरी,
नाहीतर बंदराबाहेर नांगर टाकून
खलाशांना बसून पोसायचं.
दर लंडनात ठरतो, दुपारी.
आमच्याकडं दिवेलागणीला कळतो.
चीननं भट्ट्या पेटवल्या की वर,
ब्राझीलात खाणी पावसानं भरल्या की खाली.
मी तो वजनपावतीच्या मागं लिहीत गेले.

तीनशे एक्काहत्तरला तौफिक पेढे घेऊन आला.
विका म्हणाला.
नाही विकले.

तेव्हा सगळ्यांनीच नवी जहाजं बांधायला टाकली होती.
एका साली तुरीला भाव लागला
की पुढच्या साली बांधापासून बांधापर्यंत तूर,
हे जन्मापासून बघते मी.
समुद्रावर शहाणी माणसं असतील असं वाटलं होतं.
तिथंही तूरच.
फक्त उगवायला तीन वर्षं लागतात.

एकशे अठरा.
मिस्टरांना सांगितलेलं नाही.
पोस्टात आहेत म्हणते.

रात्रपाळीत गाड्या कमी असतात, वाचत बसते.
रिकामं जहाज तसंच निघत नाही,
कलंडेल म्हणून पोटात समुद्र भरून घेतं.
आणि भरलेल्याला काटा कुठून आणणार?
म्हणून त्याच्या अंगावरच आकडे रंगवतात, खालून वर.
एक माणूस होडीतून जातो,
पाणी कुठल्या आकड्याला टेकलं ते बघतो.
किती बुडालं, त्यावरून किती वाहतंय.
हे मी दोनदा वाचलं.
आमच्याकडं बुडतं तेव्हा
होडी घेऊन आकडा बघायला कुणी येत नाही.

परवा पहाटे चारला अलंगहून भंगाराची गाडी आली.
ड्रायव्हर भावनगरचा, डोळे लाल.
ताडपत्री बाजूला केली तर कापलेले पत्रे,
कडा गॅसनं जळलेल्या,
आणि एकावर पांढऱ्या रंगात आठ,
त्याखाली सहा,
चाराचा वरचा अर्धा तेवढा.
टॉर्च मारला.
सहाच्या पोटात कसल्यातरी कवच्या चिकटलेल्या,
वाळून दगड झालेल्या.
नखानं एक निघाली.
कुणाचं जहाज, विचारलं.
"लोहा है, बहनजी," तो म्हणाला, आणि चहा कुठं मिळेल ते विचारलं.

भरलेलं एकतीस टन चारशे साठ.
रिकामं दहा टन दोनशे.
मालाच्या रकान्यात लिहिलं, भंगार.
मागं, सवयीनं, आदल्या संध्याकाळचा दर.
जरा वर होता.
जुनी तुटायला लागली की दर सावरतो म्हणे.
तौफिक म्हणतो. तौफिक पेढेही आणतो.

कवची पावतीपुस्तकावर ठेवली आहे,
पंख्यानं पानं उडतात म्हणून.
काट्यावर तिचा आकडा हलत नाही.
गाडी गेल्यावर
एकदा ठेवून बघितली मी.