लिटरमागे

एलेओदोरो मान्सिल्या वही घेऊन आले.
जुलै. सकाळचे नऊ, अजून उजाडायचं होतं,
पुंता अरेनासच्या रस्त्यांवर बर्फाची काच.
टोपी न काढताच त्यांनी पान उघडलं:
मार्चमध्ये तेरा. मेमध्ये अकरा. आता नऊ पूर्णांक चार.
“गाडी ॲव्हरेज देत नाही, नेलिदा.
मी पिणं सोडलं, हिनं सुरू केलं.”

मी आधी वाऱ्यावर संशय घेतला.
इथे सगळेच घेतात:
पश्चिमेला निघालं की गाडी सपाटीवरच घाट चढते,
आणि परतताना तो पेट्रोल परत करत नाही.
“वारा उन्हाळ्यातला,” ते म्हणाले.
“हिवाळ्यात तो पडून असतो, माझ्यासारखा.”

मग टायर. थंडीत हवा अंग चोरून बसते; भरली.
एअर फिल्टरमध्ये गवताचं बी
आणि कुठल्याशा पक्ष्याचं पिवळट पीस.
प्लगांची काही तक्रार नव्हती.
थर्मोस्टॅट मात्र उघडाच अडकलेला:
इंजिन तापायला बघायचं, पाणी तापू द्यायचं नाही.
तो बदलला तेव्हा म्हातारा उगाचच खूश झाला,
“म्हणजे हीटरही नीट चालेल?”
हे मी तेव्हाच ऐकायला हवं होतं.

एक फेरी मारून आले, हातमोजा काढला
आणि चारही चाकांवर तळहात ठेवत गेले,
आजारी घरात एकेका पोराचं कपाळ बघावं तसा.
तीन गार. मागचं डावं फणफणलेलं.
ब्रेक सुटतच नव्हता;
सबंध हिवाळा गाडी एक पाय रोवून
पुढे चालली होती.

पुढच्या शुक्रवारी: दहा पूर्णांक एक.
“तेरातले उरलेले कुठे गेले?”
रात्रभर टाकीखाली पुठ्ठा ठेवला.
सकाळी पुठ्ठा कोरडा.
शेवटी म्हटलं, तुम्ही चालवा, मी शेजारी बसते.

बंदर, बेकरी, शाळा.
पायाखाली अंडं असावं तसा ॲक्सिलरेटर दाबत होते.
शाळेच्या दारातून यास्ना आली, नात,
दहा वर्षांची, पाठीवर तिच्याहून रुंद पेटी.
गाडी सामुद्रधुनीच्या काठाला लागली,
पाण्याकडे तोंड करून.
गिअर काढला. इंजिन चालूच.

मागच्या सीटवर पेटी उघडली. अकॉर्डियन.
“घराच्या भिंती पातळ,
शेजारी रात्रपाळीचा, संध्याकाळी झोपतो,” ते म्हणाले.
“आणि गारठलेल्या बोटांना सूर सापडत नाही.”

सव्वा तास. एकच वॉल्ट्झ,
तिसऱ्या ओळीत एकाच ठिकाणी ठेचकाळणारा.
काचांवर आतून वाफ धरली, समुद्र पुसला गेला.
किलोमीटरचा आकडा जागचा हलला नाही.
मी मनात भागाकार मांडला,
वर शून्य, खाली लिटर,
आणि कुठल्याच बाजूने तो सुटेना.

“तुम्हाला ठाऊकच होतं की.”
“काय?” त्यांना खरंच कळलं नव्हतं.
“इंजिन चालू असतं ते.”
“पण हे चालवणं कुठे आहे,” ते म्हणाले,
“हे तर नुसतं उभं राहणं.”

मी म्हटलं, सातनंतर गॅरेजमध्ये या,
स्टोव्ह पेटलेलाच असतो, शेजारी कुणी नाही.
दोन आठवडे आले. मी नट धुवायचे, ती वाजवायची,
तो पान्यांच्या भिंतीकडे बघत बसायचा.
वहीत बारा पूर्णांक सहा.
यास्ना एवढंच म्हणाली, इथे सूर लोखंडाला आपटून परत येतो,
गाडीत तो मांडीवरच राहायचा.

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी
त्यांनी वही मुकाट्याने टेबलावर ठेवली.
दहा पूर्णांक दोन.
मी चारही टायरांची हवा बघितली. बरोबर होती.
तसं सांगितलं.
मग विचारलं, तिसरी ओळ?
“अडते अजून,” ते म्हणाले, टोपी कानावर ओढत,
“पण आता जरा पुढे जाऊन.”