जादा दोन दिवस

सुनावणी सतरा तारखेला.
आराक्सी बोटांवर मागे मागे मोजते:
कोर्टाचे सोळा दिवस, शनिवार-रविवार गाळून,
मधली एक सुट्टी गाळून,
रातोरात कुरिअरने धाडायचं, म्हणून वर आणखी दोन.
मोजून झालं. पुन्हा मोजते.
आजच.

फ्रेस्नोत पावणेसहा. पेटी सहाला रिकामी करतात.
अर्ज, शपथपत्र, द्राक्षमळ्याचा नकाशा;
दोन भावांमधलं तांबड्या शाईचं कुंपण
पाकिटात शिरताना दुमडलं.

ज्याला जायचंय तो वकील
समोरच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर.
त्याचा दिवा इथून दिसतो.
पाकीट मात्र आधी विमानात बसणार,
टेनेसीत उतरून पट्ट्यावर फिरणार,
मग उद्या सकाळी हा रस्ता ओलांडणार.
हातानेच नेऊन देऊ का, तिनं विचारलं होतं.
साहेब म्हणाले, त्या दारात आपण जात नाही.

'माझं वय अठराच्या वर. मी या दाव्यात पक्षकार नाही.
खोटं निघाल्यास शिक्षेस पात्र.'
सही करताना तिला आठवतं,
नाताळात दोघा भावांनी मनुका पाठवल्या होत्या,
वेगवेगळ्या डब्यांत, एकाच मळ्यातल्या.

पेटीचं झाकण खाली पडतं.
ती ते परत उचलून आत बघते.
गेलंय.