अकरा विरुद्ध पाच

जरूडच्या रस्त्याला, संत्र्याच्या शेडात
पेटीच्या बुडाशी आम्ही पेपर अंथरतो.
यंदा मृगबहाराला पेपर आले बंगालीतले.
जब्बार ड्रायव्हरनं आणले बॉर्डरवरून,
सुतळीनं बांधून, अठ्ठावीस किलो;
म्हणे, परतीची गाडी रिकामी कावून आणू?

अक्षरं आपल्यासारखीच दांडीला लटकलेली,
पण वाचायला जावं तर हातातून सुटतात.
एक तिकोनी अक्षर सारखं येतं.
कुंदा म्हणते तो ब असंन,
बांगलादेशातला.

फोटो मात्र वाचता येतात.
एकजण मास्तरासारखा, शर्टाच्या खिशाला दोन पेन.
एक पोरगा चिखलात उभा,
चपला हातात, गालावर तीळ,
त्याच्या मागं माणसंच माणसं.

मालक सांगून गेले, तिकडं देशाचं इलेक्शन हाय.
कोण येते त्याच्यावर ड्यूटी,
ड्यूटीवर गाडी,
गाडीवर आपली हजेरी.
त्याच्याहून जास्त त्या देशाचं
मला काही माहीत नव्हतं.

मग जब्बारनं सांगितलं,
तिकडं संत्र्याला कोमोला म्हणतात.
कोमोला.
तो असं म्हणाला अन् माझा हात थांबला.
माझी माय कमला.
बेनोड्याच्या बगीच्यांत तिनं
दुसऱ्यांची संत्री तोडली तीस वर्षं;
मेली तेव्हा नखांत पिवळं होतं.
तिकडं हातगाडीवाले रोज सकाळी
तिचं नाव घेऊन ओरडत असतील,
अन् सरकार तिच्यावर ड्यूटी बसवते.

दुपारच्या सुट्टीत पुष्पाबाईनं दोन झाकणं मांडली,
एक मास्तराचं, एक चिखलातल्याचं.
ज्याला जे वाटते त्यानं त्यात एक बी टाकावी.
सोळा बाया, डबे झाकून, तोंडं फिरवून.
सुलोचना दोनदा टाकताना धरली गेली.
म्हणे, एक माह्या नवऱ्याचं;
तो इथंबी मीच सांगतो त्यालेच देते.
अकरा विरुद्ध पाच.
चिखलातला निवडून आला.
कारण काहीच नाही,
चपला हातात धरून चालणारा माणूस
आमच्या ओळखीचा होता.

मतदानाच्या रात्री मी पोराचा फोन घेतला,
गच्चीवर चढले, टाकीच्या बाजूला रेंज येते.
बाई भराभर बोलत होती, खाली आकडे पळत होते.
भोट, भोट, एवढं कळलं.
रांगेतल्या एका म्हातारीनं बोट वर केलं,
शाई दाखवली कॅमेऱ्याला.
मी माझं बोट पाहिलं.
शाई कधीच गेलेली,
संत्र्याच्या सालीचा पिवळा तेवढा राहिलेला,
तो वर्षभर जात नाही.
पोरगा झोपेतून उठून आला, म्हणे, माय, हे काय पाहून रायली?
मी म्हटलं, निकाल.
आपलं कोण हाय तिकडं?
मी काही बोलले नाही.
थंडी पडली होती, खाली उतरले.

सकाळी मालकानं सांगितलं, सरकार बदललं.
मग ड्यूटी?
पाहू.
मग गाडी?
पाहू म्हटलं ना.
तो दिवसभराचा माल कळमन्याला गेला,
पडत्या भावात, सुट्टा, पेपर न लावता.

संध्याकाळी रद्दी आवरताना तो पोरगा पुन्हा वर आला.
पेपर तीन आठवड्यांपूर्वीचा;
त्याला अजून काहीच माहीत नव्हतं,
हसत होता चिखलात उभा राहून.
मी त्याला घडी घातली नाही.
एका पेटीच्या बुडाशी सपाट पसरला, तोंड वर करून,
अन् ती पेटी कोपऱ्यात सरकवली,
बॉर्डरची गाडी लागेल तेव्हासाठी.

शटर ओढता ओढता सुलोचना म्हणाली,
काय वो, त्याचं डिपॉझिट तरी वाचलं असंन का?