जांभळा हातमोजा

ब्रिजपोर्टच्या छपाई कारखान्यात, दुसऱ्या मजल्यावर,
आम्ही अठराजणी.
खालून उजेड येणारी टेबलं, वर पारदर्शक फिल्म,
आणि साहसकथेचं एक पान
ज्यावर न्यूयॉर्कमधल्या कुणीतरी पेन्सिलीनं आकडे टाकलेले:
पिवळी शंभर, लाल पन्नास, निळी पंचवीस.
गोष्ट वाचत बसू नका, आकडा बघा, फिल्म रंगवा,
मिस्टर हॅलोरन म्हणायचे. पानाला साठ सेंट.

शाया तीनच.
नायकाला त्या नितळ मिळत.
कमांडर नूनची निळी विजार, लाल हातमोजे, छातीवर पिवळा सूर्य.
प्रोफेसर ग्लोमला मात्र मिसळून:
जांभळा म्हणजे नूनचीच लाल, नूनचीच निळी.
हिरवा म्हणजे नूनचाच सूर्य, त्याच्याच विजारीत बुडवलेला.
खलनायकासाठी वेगळी शाई
कधी कुणी मागवलीच नाही.
हे मला अकराव्या वर्षी कळलं. माझ्या नव्हे, नोकरीच्या.

त्या ऑक्टोबरात सातवं पान हातात आलं आणि वाटलं,
हे मी केलंय की.
गच्चीचा कठडा, खाली मोटारींचे ठिपके,
एक हात, आणि त्या हाताने कॉलर धरून
अधांतरी लटकवलेला टोपीवाला माणूस.
जुने अंक काढले. मार्चचा. तीच बोटं, त्याच चुण्या.
चित्रकाराला घाई असेल, घरभाडं थकलं असेल,
आपलंच चित्र काचेवर ठेवून गिरवलं बिचाऱ्यानं.
मार्चमध्ये हातमोजा जांभळा होता
आणि चौकटीवर लिहिलं होतं: क्रूरतेची परिसीमा!
आता आकडे लाल सांगत होते
आणि वर: आता तरी खरं बोलशील!
एवढ्याशा शाईनं चोराचा साव.
टोपीवाला दोन्हीकडे तोच.
दोन्हीकडे त्याचं तोंड तसंच उघडं.

टोपीवाल्यांना नावं नसतात.
ते दारावर उभे असतात, भिंतीवर आपटतात,
आणि पुढच्या चौकटीत
कुणी त्यांचं विचारत नाही.
माझा भाऊ काझिमिर असाच एका गोदामाच्या दारावर उभा होता,
पस्तीस डॉलरसाठी, आत काय चाललंय ते न विचारता.
पोलिसानं त्याला जिन्यावरून खाली आणलं
पायऱ्या न वापरता.
वर्तमानपत्रात त्या पोलिसाचा फोटो आला. हसरा.
काझिमिरच्या डाव्या कानात अजून नुसती शिट्टी वाजते.
तो निर्दोष होता असं मी म्हणत नाही.

त्या संध्याकाळी मी दमले होते. हॅलोरनना एवढंच सांगितलं.
हातमोज्यावर निळी पडली,
पिवळी राहून गेली.
दोन लाख प्रती, नूनचा हात जांभळा.

दोन डॉलर कापले. पत्र एकच आलं,
डेटनहून, रेघेबाहेर जाणाऱ्या अक्षरात, नऊ वर्षांच्या मुलाचं:
सातव्या पानावर ग्लोमनं त्या माणसाला लटकवलंय.
मग आठव्यावर लोक नूनचे आभार का मानतात?
नून तिथेच होता तर त्यानं सोडवलं का नाही?

संपादकांनी उत्तर धाडलं, छापील:
रंगाची चूक, क्षमस्व. हात आपल्याच नायकाचा आहे.
म्हणजे काळजी नको.

मला वाटतं, पोरगं ते पत्र घेऊन
बराच वेळ पायरीवर बसलं असेल.
किंवा नसेलही; बाहेर बेसबॉल चालू असेल,
कागद खिशात कोंबून पळालं असेल.

मी मात्र त्यानंतर एक करायचे.
टोपीवाल्यांना सरसकट करडा भरा म्हणत.
मी टोपीवर थोडी पिवळी सोडायचे, पंचवीस टक्के,
काझिमिरच्या टोपीसारखी.
छापल्यावर धड दिसायचीही नाही.
एकदा अंक घरी नेला, भिंग दिलं, बघ म्हटलं.
त्यानं चांगला कान पुढे करून ऐकलं, मग पान पाहिलं,
आणि म्हणाला,
माझी टोपी तपकिरी होती.