काय दुखतं?

मंगळवार. ग्रामीण रुग्णालय, खोली सात.
खुर्ची डुगडुगते, पायाखाली मी विटेचा तुकडा लावलाय.

सुकरू गेडाम तोंड उघडतो.
आधी खर्ऱ्याचा वास बाहेर येतो, मग सुकरू:
"उपटून टाका मॅडम. तीन राती झोप नाही."

तीन राती!
ही दाढ तीन वर्षं बोलतेय, सुकरूभाऊ,
माठातल्या पाण्याला, पेरूच्या बीला.
तुम्ही लवंग दाबून तिला गप्प बसवत आलात.

"दुखतच नवतं तं कायले येऊ?"

सुई देते. बधिर होईपर्यंत विचारते,
चांगलं हिरवं बोंड
फोडून कशाला बघता हो शेतात?
तो हसतो, अर्ध्याच ओठाने:
"अळी का वरून दिसते, मॅडम?"
आणि मग
बराच वेळ छताच्या पंख्याकडे बघत राहतो.

दाढ निघाली.
दातांत बोळा, म्हणून हातानेच मागतो ती.
अर्धा खर्रा खिडकीबाहेर झटकून
रिकाम्या पन्नीत दाढ बांधतो.
दुसरी पुडी वरच्या खिशात तशीच. मला दिसते.

जाता जाता थांबतो,
दाराआडच्या नातीला पुढे ढकलतो.

काय दुखतं गं?

ती मान हलवते.
काहीच नाही.